एकाच बरणीत

ऑपरेशनच्या नवव्या दिवशी सकाळी लेबलबाई न्हाणीघरात मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वतःची बेंबी दिसली. आरशाशिवाय, सरळ, वरून खाली. वयाच्या तेराव्या वर्षानंतर ही भेट पहिल्यांदाच होत होती. बेंबीत बघण्यासारखं काही नव्हतं, पण त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग त्यांना रडू आलं. बाहेर त्यांची नणंद दार ठोठावत होती. दुखतंय का, टाके ओले झाले का, चक्कर येतेय का, अशी तिची सरबत्ती चालू होती. काही नाही, बेंबी बघतेय, असं लेबलबाईंनी सांगितलं. मग दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी हसायला लागल्या. हसताना टाके ताणले जात होते, म्हणून लेबलबाईंना दोन्ही हातांनी छाती धरून हसावं लागलं.

लेबलबाई हे काही त्यांचं नाव नव्हे, पण ते इतकं चिकटलं होतं की पगाराच्या यादीतलं नाव वाचून ही कोण असं लोक विचारत. एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबच्या खिडकीवर त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जे जे कापून निघतं, गाठ, तीळ, पित्ताशय, कधी एखादं बोट, ते औषधाच्या पाण्यात बुडवून बरणीतून या खिडकीवर येतं. आत त्याचे काप करतात आणि काचेवर ठेवून तपासतात. बरणीवर नाव, नंबर, अवयव आणि बाजू लिहिलेली असली तर लेबलबाई सही करून ती आत घेत. नसली तर आल्या पावली परत. बाजू कुठाय, हा त्यांचा प्रश्न सगळ्या इस्पितळाला पाठ होता. एकदा एक बडे सर्जन स्वतः खाली आले आणि उजव्या बाजूचं आहे, मला पक्कं आठवतंय, म्हणून भांडले. आठवण ही खिडकी घेत नाही, एवढं बोलून लेबलबाईंनी त्यांना चार मजले परत चढायला लावलं होतं. त्या दिवसापासून लोक त्यांना वचकून असत.

वचकून असत म्हणजे तोंडावर. पाठीमागे जिभेला हाड नसायचं. लेबलबाईंची छाती हा त्या इमारतीतला जुना करमणुकीचा विषय होता. बाई वळणावर यायच्या आधी त्यांची छाती वळते, असं वॉर्डबॉय म्हणत, आणि लेबलबाईंनी ते ऐकलं नाही असं समजून पुन्हा म्हणत. खिडकी उंच करून घ्या, बाईंना काउंटरवर ओझं टेकवता येईल, असं एका शिकाऊ डॉक्टरने म्हटलं होतं. तो आता दुसऱ्या गावी मोठा डॉक्टर झाला आहे. लेबलबाई हे सगळं गिळत आल्या होत्या. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल चर पडले होते, छातीखालची कातडी घामाने कायम सोलवटलेली असायची, मान सदा अवघडलेली. तरी त्यांनी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. पण गेल्या वर्षी उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली आणि लेबलवरचं अक्षर बिघडलं. लोकांनी छातीला हसलेलं त्यांनी सोसलं होतं. अक्षराला कुणी हसलेलं त्यांना सोसवलं नसतं.

नवरा छापखान्यात कामाला होता आणि घरी मोजकं बोलायचा. लहान करून घेऊ का, असं त्यांनी विचारल्यावर तो म्हणाला, दुखतं तुला, मला काय विचारतेस. लेबलबाईंना ते फार बरं वाटलं. नणंद मात्र टाळ्या वाजवायची बाकी होती. ही नणंद म्हणजे बेबी. बेचाळीस वर्षांची, केस पिकायला लागलेली, त्याच इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सोळा वर्षं काढलेली नर्स, पण घरात बेबी ती बेबीच. लग्न तिनं केलं नाही. भावाच्या घरात राहायची आणि भावापेक्षा वहिनीशी तिचं जास्त गूळपीठ होतं. लेबलबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि पहिल्याच आठवड्यात या घरात वहिनीला कुणी टाकून बोललं तर मला सांग, म्हणून तिनं दम दिला होता. तो दम तिनं आजवर पाळला होता.

इस्पितळ एकच, थिएटर बेबीचं आणि लॅब लेबलबाईंची. तिथंच सगळं अडलं. अंगातून निघालेलं लॅबमध्ये गेलंच पाहिजे हा नियम, आणि तो मोडू नये म्हणून आयुष्यभर भांडलेल्या त्याच. आता त्यांचं स्वतःचं मांस त्या खिडकीवर जाणार, आणि ज्या टेबलाजवळ बसून त्या डबा खायच्या त्याच्या पलीकडच्या फळीवर ते कापलं जाणार. आणि मग सगळ्या इमारतीला हसायला नवा विषय मिळणार. नाव लपवता येत होतं. माहेरच्या नावाचं जुनं ओळखपत्र होतं, त्यावर केसपेपर काढला. थिएटरमधून बातमी फुटू द्यायची नाही, हे बेबीनं अंगावर घेतलं. रजेच्या अर्जात हर्नियाचं ऑपरेशन लिहिलं. पण असल्या ऑपरेशनात दोन बाजूंच्या दोन बरण्या निघतात, एकीवर उजवी, दुसरीवर डावी. असली मोठी जोडी खिडकीवर आली की आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही. त्यातून लेबलबाई नेमक्या रजेवर. दोन अधिक दोन करायला त्या इमारतीत कुणालाही वेळ लागला नसता.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कपडे भरता भरता त्या नणंदेला म्हणाल्या, "बेबी, एकाच बरणीत घाल. चरबी म्हणून लिही. चरबीला कुणी बाजू विचारत नाही."

बेबीने हातातला टॉवेल खाली ठेवला. "वहिनी, अशी बरणी तूच परत पाठवशील."

"मी रजेवर आहे," लेबलबाई म्हणाल्या.

दोघीही हसल्या, आणि ते ठरून गेलं. बेबीला ते पटलं नव्हतं, पण वहिनीनं सव्वीस वर्षांत तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. एका बाजूचे सहा तुकडे आणि दुसऱ्या बाजूचे सहा तुकडे तिनं झाकणाच्या मोठ्या बरणीत घातले, पोटावरची चरबी व कातडी असं लिहिलं आणि कागद सर्जनपुढे धरला. त्यांनी तो न वाचता सही केली. ते नेहमीच न वाचता सही करत.

पहिले दिवस वाईट गेले. दोन्ही काखांखालून दोन नळ्या बाहेर आलेल्या, त्यांच्या टोकाला दोन फुगे. त्यात साठलेलं लालसर पाणी बेबी मापून ओतायची आणि वहीत लिहायची. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, पाण्याची बादली उचलायची नाही, पाठीवर झोपायचं, तेही चार उशा लावून, अर्धवट बसून. दिवसरात्र छाती घट्ट आवळणारी ब्रा, श्वाससुद्धा मापूनच घ्यायचा. केस बेबी धुवायची. उजवीकडे, जिथं उभी शिवण आडव्या शिवणीला मिळते तिथं, जखम उसवली आणि भरायचं नाव घेईना. बेबी रोज तिथं औषधाची पट्टी बदलायची. लेबलबाई डोळे मिटून घ्यायच्या, पण दुखण्यामुळे नव्हे. कुणीतरी आपल्या छातीकडे नुसती जखम म्हणून बघतंय याची त्यांना सवय नव्हती.

तरीही त्या सुखात होत्या, हे सांगितलं पाहिजे. मानेवरचा दगड उतरला होता. बोटांना मुंग्या येणं थांबलं. नवऱ्याने एका संध्याकाळी दुकानातून तयार शर्ट आणला, साध्या मापाचा, आणि त्याची सगळी बटणं लागली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या चालून दाखवत होत्या आणि बेबी पलंगावर बसून शिट्टी मारत होती. नवरा म्हणाला, बरा बसलाय. एवढंच बोलला, पण जेवताना तो दोनदा त्यांच्याकडे बघून हसला. त्या रात्री लेबलबाईंना वाटलं की अजून पुष्कळ वर्षं आहेत आणि ती चांगली जातील.

सोळाव्या दिवशी त्या जखम दाखवायला गेल्या तेव्हा सर्जननी जखम पाहिलीच नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दार लावून घेतलं आणि कागद पुढ्यात ठेवला. बेबी भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा बघून लेबलबाईंना आधीच काहीतरी समजलं.

कॅन्सर सापडला होता. चार मिलिमीटरचा, पण पसरणाऱ्या जातीचा. लॅबमध्ये खिडकीनंतरचं कापण्याचं काम एक चष्मेवाली मुलगी करायची, तिला लेबलबाईंनीच हाताला धरून शिकवलं होतं. चरबी म्हटली की लोक एक काप घेऊन मोकळे होतात. तुकडा कुणाचाही असो, लेबल काहीही सांगो, बोटाच्या जाडीचे काप करून प्रत्येक काप डोळ्यांनी बघायचा, हे लेबलबाईंचं शिकवणं. चष्मेवालीने तसंच केलं. बारा तुकड्यांना नंबर दिले, एकेकाचे काप केले, आणि नऊ नंबरच्या तुकड्यात तिला एक पांढुरकी खडबडीत जागा बोटाला लागली. काचेवर पाहिल्यावर ही पोटाची चरबी नाही, हे स्तन आहे, हेही कळलं. लॅबच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी वर फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, बाजू कुठली?

सर्जननी सगळं सरळ सांगितलं. बाजू माहीत असती तर ती एक काढून टाकली असती. तेवढ्यावर बहुतेक भागलं असतं. आत्ता माहीत नाही. त्यांनी लगेच दोन्ही बाजूंचं स्कॅनिंग करून घेतलं, पण ताज्या जखमा भरत असताना दोन्ही बाजू सारख्याच उजळून दिसत होत्या आणि त्यातून काही हाती लागलं नाही. थांबायचं तर किती थांबायचं ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. बाजू कळली नाही तर दोन्ही काढाव्या लागतील, असं ते म्हणाले. मग ते बेबीकडे वळले आणि इतक्या हळू आवाजात बोलले की ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. तिला थिएटरमधून काढलं होतं. चौकशी होईपर्यंत तिनं चादरींच्या खोलीत बसायचं होतं.

घरी येताना दोघी रिक्षात शेजारी शेजारी बसल्या. लेबलबाईंना राग कुणाचा करावा ते कळत नव्हतं. वॉर्डबॉयचा करावा, त्या शिकाऊ डॉक्टरचा करावा, तर ते कुठल्या कुठे होते. बेबीचा करावा तर मागितलं आपणच. स्वतःचा करायला गेल्या तर अंगात तेवढी ताकद नव्हती. घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ऐकून तो उठून आत गेला. पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

तिसऱ्या दिवशी लेबलबाई लॅबमध्ये गेल्या. रिपोर्ट निघाला तरी बरणी चार आठवडे फळीवर ठेवायची असते. अजून वेळ होता. खिडकीकडे न वळता त्या कापण्याच्या खोलीच्या दारातून आत गेल्या. चष्मेवाली उभी राहिली. लेबलबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तू बरोबर केलंस, असं सांगितलं. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या, त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं आणि पंखा सुरू केला. कुणी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं ज्या नजरांना भिऊन त्यांनी हे केलं होतं, त्या नजरा सगळ्या बरणीकडे होत्या. तेव्हा मात्र लेबलबाईंना स्वतःचा खरा राग आला, इतका की कानशिलं तापली.

हातमोजे घालून त्यांनी स्वतःचे बारा तुकडे फळीवर मांडले. कातडी असलेले सात होते. छातीखालची काळवंडलेली, सोलवटलेली कातडी त्यांनी लगेच ओळखली. तिच्या कडा एकमेकींना लावत लावत तिघींनी मिळून दोन अर्धगोल जुळवले. एक मोठा, एक लहान. ऑपरेशनच्या वेळी थिएटरच्या वहीत वजनं लिहिलेली होती, उजवीकडून आठशे दहा ग्रॅम, डावीकडून सहाशे नव्वद. म्हणजे मोठा उजवा. इथपर्यंत सगळं जमलं आणि चष्मेवालीच्या तोंडावर रंग आला.

नऊ नंबरला कातडी नव्हती. आतला तुकडा होता तो. असे बिनकातडीचे पाच होते आणि ते कुणाच्याच कडेला लागत नव्हते. मग वजनं केली. बाजूला सहासहा तुकडे हे बेबीकडून कळलं होतं. नऊ नंबर उजवीकडे टाकला आणि चार नंबर डावीकडे, की वजन जवळपास जमायचं. नऊ डावीकडे आणि चार उजवीकडे, तरी तितकंच जमायचं. औषधाच्या पाण्यात वजन थोडं कमीजास्त होतंच. लेबलबाईंनी ते पाच वेळा करून पाहिलं. सहाव्यांदा हात घालायला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि बसा आता, असं म्हणाल्या. लेबलबाई बसल्या. कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला हात वर जात नव्हता. चष्मेवालीने पुसला.

त्या संध्याकाळी बेबी चादरींच्या खोलीतून घरी आली ती जवळजवळ धावतच. पर्ससुद्धा खाली न ठेवता तिनं सांगितलं की तिला आठवलं. उजवीचे तुकडे आधी घातले, डावीचे नंतर. शेवटचा तुकडा बिनकातडीचा होता, मुठीएवढा, तो तिनं स्वतः वरून टाकला होता. चष्मेवालीने मोठे आठ तुकडे आधी काढून घेतले होते आणि मग वरून एकेक उचलला होता, म्हणजे नऊ नंबर तोच. डावी. तिनं तसं सर्जनना लेखी देऊनही टाकलं होतं, सहीनिशी. सर्जन म्हणाले होते की ठीक आहे, एवढं खात्रीने सांगता आहात तर डावी एकच काढू.

नवरा भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. लेबलबाईंनी बेबीला जवळ घेतलं, टाक्यांची पर्वा न करता. एक राहणार होती. एका महिन्यापूर्वी कुणी त्यांना सांगितलं असतं की एक छाती वाचली म्हणून तू नणंदेच्या गळ्यात पडशील, तर त्यांनी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. पण ही ती जुनी छाती नव्हती. ही त्यांना मान खाली घालून बघता येत होती. पुढचे दोन दिवस घरात रेडिओ लागला, बेबीने शिळ्या बातम्या रंगवून सांगितल्या, आणि लेबलबाईंनी उजव्या जखमेची आधी कधी घेतली नव्हती इतकी काळजी घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्यांना आठवलं की अशा माणसांना त्या एकोणीस वर्षं परत पाठवत आल्या होत्या. त्या माणसांना सगळ्यांना पक्कं आठवत असायचं. खोटं कुणी बोलत नव्हतं. चूक झाली की दोन दिवसांनी आठवायला लागतं आणि जे आठवतं ते नेमकं सोयीचं असतं. लेबलबाईंनी तोंड पुसलं. त्यांनी मनाला बरंच समजावलं की बेबी तशी नाही, बेबीला सोळा वर्षांचा अनुभव आहे. मन ऐकेना. आणि जिवाची गोष्ट होती. राहिलेल्या बाजूला तो कॅन्सर असला तर शर्टाची बटणं लागून काय उपयोग होता?

संध्याकाळी बेबी पट्टी बदलायला बसली. गरम पाणी, कापूस, चिमटा, सगळं तिनं नेहमीसारखं ओळीत मांडलं. लेबलबाईंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. बरणीचं झाकण लावल्यावर काय केलंस, असं त्यांनी विचारलं. बेबी म्हणाली, लेबल लावलं.

"उलटी केली होतीस? औषध सगळ्या तुकड्यांना लागावं म्हणून?"

बेबीचा चिमटा थांबला. थिएटरमध्ये बरणी भरली की झाकण घट्ट करून दोनदा उलटीपालटी करायची, नाहीतर खालचं मांस सडतं. हे सगळ्या नर्सना खिडकीवरून ओरडून ओरडून लेबलबाईंनीच शिकवलं होतं. बेबीकडून ते चुकणं शक्य नव्हतं.

"मग वरचा कुठला राहिला, बेबी?"

बेबी खाली जखमेकडे बघत राहिली. कापसातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"वहिनी, एक तरी राहू दे ना," ती म्हणाली.

लेबलबाईंना वाटलं होतं की आपण ओरडू. त्या ओरडल्या नाहीत. मला मारायला निघाली होतीस, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण समोर बसलेल्या बाईने त्यांचे केस धुतले होते, त्यांचं रक्त मापलं होतं, आणि आता ती हुंदका दाबत पट्टी सरळ लावायचा प्रयत्न करत होती, कारण पट्टी वाकडी लागली तर वहिनीला दुखेल. लेबलबाईंनी तिला पट्टी पुरी करू दिली. मग त्या म्हणाल्या की दिलेला कागद मागे घेऊ नकोस. घेतलास तर खोटं लिहून दिलं असा त्याचा अर्थ होईल आणि सोळा वर्षांची नोकरी जाईल. बाकीचं माझ्यावर सोड. काय करणार, असं बेबीने विचारलं नाही. तिला कळलं होतं.

नवऱ्याला त्यांनी सांगितलं ते फक्त एवढंच, की मी ठरवलंय आणि मला अडवू नकोस. तो म्हणाला, मला तू हवीस. त्याच्या तोंडून असलं वाक्य लेबलबाईंनी कधी ऐकलं नव्हतं आणि ते ऐकायला हीच वेळ यावी याचं त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी पहिल्याला बरोबर पंचेचाळीस दिवस झाले होते. सकाळी आठला सर्जन खोलीत आले. भूल द्यायच्या आधी, पेशंट पूर्ण शुद्धीत असताना, जी बाजू काढायची तिच्यावर सर्जनने स्वतः शाईने बाण काढायचा असतो. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, गाऊन बाजूला केला आणि डाव्या बाजूला बाण काढला. पेन थंड होतं.

"उजवीवर पण काढा," लेबलबाई म्हणाल्या.

सर्जनना वाटलं त्या घाबरल्या आहेत. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की उजवी चांगली आहे, बाजू लेखी आलेली आहे, सहीनिशी, फाइलमध्ये आहे. लेबलबाईंनी मान हलवली आणि तो कागद फाइलमध्येच राहू द्या म्हणाल्या. त्या कागदाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

"मग उजवी का काढायची?" सर्जनचा आवाज जरा चढला. "दीड महिन्यापूर्वी तुम्हीच लहान करून घेतल्या. माझ्या हातची इतकी चांगली शिवण क्वचित बसते. आता चांगली असलेली काढून टाका म्हणता. काहीतरी कारण लिहावं लागेल मला."

खरं कारण दोन शब्दांचं होतं, कागद खोटा, आणि ते सांगितलं असतं तर सर्जननी तिथल्या तिथे फोन उचलला असता. खाली चादरींच्या खोलीत बेबी घड्या घालत बसली होती. लेबलबाईंनी मान खाली घातली. उजवीकडची जखम शेवटी भरली होती. दोन्ही सारख्या दिसत होत्या, गोल, आटोपशीर. त्यांच्या पलीकडे पोट होतं, गुडघे होते, पायांची बोटं होती.

"मला त्या आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "लिहा, पेशंटला नको आहेत."

सर्जननी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. अशा बायका त्यांनी पाहिल्या होत्या, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी नवीन कागद मागवला, त्यावर पेशंटच्या स्वतःच्या इच्छेने असं लिहिलं आणि लेबलबाईंनी सही केली. सही ठळक, वळणदार आली. सर्जननी उजवीवर दुसरा बाण काढला. शाई वाळेपर्यंत गाऊन लावून घेऊ नका, पसरते, असं सांगून ते हात धुवायला गेले.

स्ट्रेचर यायला वीस मिनिटं होती. लेबलबाई गाऊन उघडा ठेवून बसल्या आणि ती वीसच्या वीस मिनिटं त्या बघत राहिल्या.